समुद्र मोठा, चौकी लहान

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत समुद्राचा विषय काढला की लोक हसतात. कसारा घाट उतरून पुढे तास-दोन तास गेल्याशिवाय इथल्या माणसाला खारा वारा लागत नाही. मी मात्र अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाच्या वर्कशॉपमध्ये येऊन बसलो. चार लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, पुढे पत्र्याचं ऑफिस. भाऊ म्हणतो, "दादा, तू बस, फक्त मशिनला हात लावू नकोस."

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गाळ्यात चोरी झाली. तांब्याची तार, ब्रासचे बुश, थोडं भंगार. कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. टेम्पो दिसला, वेळ दिसली, माणसाची पाठ दिसली. पुढे माणूस सापडला, मालही सापडला; पण तोवर त्याच्या लाद्या झाल्या होत्या. तांब्यावर नाव नसतं. हा माल तुमचाच कशावरून, या प्रश्नावर शेजाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. ते चित्रीकरण अजून त्यांच्या मोबाइलमध्ये आहे आणि चहाला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात.

ते बघताना मला दर वेळी मॉरिशस आठवतो. पाहणं, पकडणं आणि शाबीत करणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. त्यांतलं पहिलं जमलं म्हणजे पुढची दोन आपोआप होतात, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. लहानशा बेटावरच्या देशाला तो परवडत नाही. तिथे या तीन कामांमधली अंतरं अक्षरशः सागरी मैलांत मोजावी लागतात.

मॉरिशसशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून कोकणातून, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूने, माणसं मुंबई बंदरातून तिकडे गेली. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात. पण गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते आणि मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर आमचं जहाज इंधनासाठी थांबलं असताना गँगवेशी बसलेल्या एका वयस्क पहारेकऱ्याने माझं आडनाव विचारलं आणि मग संपूर्ण 'सुखकर्ता दुःखहर्ता' म्हणून दाखवलं. अर्थ विचारला तर हसला. मी त्याला 'मामा' म्हणालो, तो शब्द मात्र त्याला बरोबर कळला. त्या मामांनी त्या दिवशी समुद्राकडे हात करून जे सांगितलं, ते शेवटी सांगतो.

आधी आकडे. मॉरिशस प्रजासत्ताकाची जमीन सगळी बेटं मिळून सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या नाशिक जिल्ह्यात असे साडेसात मॉरिशस बसतील. लोकवस्ती बारा-तेरा लाख. आणि समुद्र? तिथलं सरकार आपला सागरी विस्तार सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर सांगतं. त्यात सेशेल्सबरोबर सामायिक असलेला समुद्रतळाचा मोठा पट्टा येतो आणि वादातला भागही येतो. तरीही हिशेब केला तर त्या समुद्रात साडेसात महाराष्ट्र मावतात. दोन्हीकडे साडेसातच, साडेसाती म्हणायला हरकत नाही. आपल्या खंडप्राय देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा आकडाही साधारण एवढाच भरतो. आपण एवढ्या समुद्रासाठी नौदल, तटरक्षक दल आणि राज्याराज्यांचे सागरी पोलीस बाळगतो. मॉरिशसला तर सैन्यच नाही.

सैन्य नाही म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. तिथलं 'नॅशनल कोस्ट गार्ड' १९८७ साली उभं राहिलं, ते पोलीस दलाची एक शाखा म्हणून. बोटीवरचा अधिकारी पोलीस आयुक्ताच्या हाताखालचा. त्याच्याकडे तोफ असली तरी त्याचं खरं हत्यार पंचनामा. समुद्रात कुणाला धरलं की ते युद्ध नसतं, अटक असते. आणि अटक केलेल्या माणसाला न्यायालयासमोर उभं करावं लागतं. मला ही व्यवस्था मुळात चांगली वाटते. फक्त तिची परीक्षा फार कठीण असते.

आता समुद्रातला कायदा. 'समुद्र कुणाचा' या प्रश्नाचं एक उत्तर नाही. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने समुद्राचे पट्टे पाडले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) हा देशाचा प्रादेशिक समुद्र. तिथे देशाचा कायदा चालतो. पण परक्या जहाजाला शांतपणे निघून जाण्याचा हक्क असतो. २४ मैलांपर्यंतच्या पट्ट्यात जकात, परदेशप्रवेश, आरोग्य अशा बाबतींत तपासणी करता येते. २०० मैलांपर्यंत मासे, खनिजं, तेल यांवर हक्क देशाचा, पण जहाजांच्या ये-जा करण्यावर नाही. त्यापलीकडे सगळ्यांचा समुद्र, म्हणजे व्यवहारात ज्याच्या जहाजावर ज्याचा झेंडा, त्याचा कायदा. आपल्या चाळीतल्या गॅलरीसारखं आहे हे. गॅलरी सगळ्यांची, पण तुमच्या दारासमोर कुणी चप्पल काढली तर तुम्ही किती बोलू शकता, हे प्रत्येक मजल्यावर वेगळं.

२५ जुलै २०२० च्या संध्याकाळी 'वाकाशियो' हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर पोआंत देस्नीजवळ प्रवाळाच्या कड्यावर चढलं. मालक जपानी, झेंडा पनामाचा, कप्तान भारतीय. सिंगापूरकडून रिकामं ब्राझीलला चाललं होतं. जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नंतर केलेल्या चौकशीत कारण पुढे आलं, ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. बेटापासून सुमारे २२ मैलांवरून जायचा मार्ग बदलून ५ मैलांवर आणला होता, कारण जवळून गेलं की मोबाइलला सिग्नल मिळतो. महिना-महिना घरच्यांचा आवाज न ऐकलेल्या माणसांना मी ओळखतो. कोविडच्या त्या काळात तर कित्येकांना करार संपूनही उतरता येत नव्हतं. चूक ती चूकच. पण ती कुठून येते, हे मला माहीत आहे.

या प्रकरणात पाहणं आणि पकडणं यांमधली दरी उघडी पडते. बेटावर किनारी रडार होते. २०११ पासून भारताच्या मदतीने मुख्य बेटावर आणि रॉड्रिग्ज, अगालेगा, सेंट ब्रँडन या लांबच्या बेटांवर ते बसवलेले आहेत. तटरक्षक दलाने रेडिओवरून जहाजाला हाका मारल्या, उत्तर आलं नाही, असं सांगितलं गेलं. धरून चालू या की अगदी वेळेत हाक मारली. पुढे काय? एवढं अवजड जहाज ठरावीक वेगाने चाललंय, ब्रिजवर कुणी उत्तर देत नाही, आणि बारा मैलांच्या आत असलं तरी नुसतं 'जात' आहे, म्हणजे कायद्याने त्याला तो हक्क आहे. गस्तीची छोटी बोट त्याच्या आडवी घालायची? मी इंजिनमधला माणूस. असं जहाज पूर्ण वेगावरून थांबवायला मैलच्या मैल लागतात, हे मी हाताने केलेलं काम आहे.

६ ऑगस्टला तेल बाहेर येऊ लागलं. जहाजात सुमारे चार हजार टन तेल होतं, त्यांतलं हजार टनांच्या आसपास खाडीत आणि खारफुटीत गेलं. माएबूरच्या परिसरातल्या लोकांनी उसाची पाचट गोण्यांत आणि जाळीच्या कापडात भरून तरंगते बांध शिवले, केस कापून दिले. भारताने तटरक्षक दलाचे तज्ज्ञ आणि तीस टनांहून जास्त साहित्य विमानाने पाठवलं. ३१ ऑगस्टला तेल काढण्याच्याच कामावरची एक टगबोट अपघातात बुडाली आणि तिच्यावरचे काही लोक गेले. कप्तान आणि त्याच्या साहाय्यकाला डिसेंबर २०२१ मध्ये वीस महिन्यांची शिक्षा झाली. गुन्हा शाबीत झाला तो एवढाच. नुकसानभरपाईचा प्रश्न मात्र वेगळ्याच कागदात अडकला. जहाजमालकाची जबाबदारी किती, याची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय करारांनी ठरवलेली असते. मॉरिशस १९७६ च्या जुन्या करारात होता, जपान नंतरच्या सुधारित करारात, आणि दोन्हींतल्या रकमांमध्ये कित्येक पटींचा फरक. एक सही वेळेवर न केल्याची किंमत मोठ्या देशाच्या खात्यात दिसतही नाही. लहान देशाची खारफुटी जाते.

आपण इतरांना हसण्याच्या स्थितीत नाही, हेही याच ठिकाणी सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर 'लेडी हान' नावाची एक माणूस नसलेली बोट आली. तिच्यात तीन एके-४७ बंदुका होत्या. घातपात नव्हता. जूनमध्ये ओमानजवळच्या समुद्रात बिघाड झाल्यावर तिच्यावरच्या लोकांना वाचवण्यात आलं होतं आणि बोट तशीच सोडून दिली होती. पावसाळ्यातल्या प्रवाहांनी तिला आपल्याकडे आणलं. हेतू नव्हता म्हणून निभावलं. पण दोन महिने भरकटलेली बोट थेट वाळूला लागेपर्यंत कुणाच्या हाती आली नाही, हे सव्वीस-अकरानंतर चौदा वर्षांनी.

माशांची गोष्ट शेजाऱ्याच्या तांब्यासारखी आहे. मॉरिशसच्या समुद्रात ट्यूना मिळतो आणि त्याच्यामागे युरोपातून, तैवानहून मोठमोठी जहाजं येतात. काही परवान्याने, काही त्याशिवाय. जहाजाची ओळख सांगणारं यंत्र बंद केलं की पडद्यावरचा ठिपका जातो. मासा पकडून खुल्या समुद्रात दुसऱ्या शीतगृह-जहाजावर चढवला की तो कुठला, हे ओळखणं अवघड. माशावरही नाव नसतं.

समजा, धरलंच. अगालेगा हे मॉरिशसचंच बेट मुख्य बेटापासून सुमारे ११०० किलोमीटर उत्तरेला आहे. तटरक्षक दलाचं मोठं जहाज 'बॅराकुडा' पूर्ण वेगाने गेलं तरी ताशी चाळीस किलोमीटर, म्हणजे अंबडच्या रस्त्यावरून दुचाकी जाते तेवढा वेग. सत्तावीस तास लागतील. आणि पूर्ण वेगाने कुणी जात नाही, डिझेल कोण भरणार? तोवर चोराने दोनशे मैलांची रेषा ओलांडलेली असते. पाठलागाचा हक्क कायदा देतो. पण पाठलाग आपल्या हद्दीत सुरू झालेला हवा, मधे खंड पडता कामा नये आणि तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात तो शिरला की संपला. बरं, शेवटी बोट बंदरात आणली तरी सागरी कराराच्या ७३व्या कलमाप्रमाणे अनन्य क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्यासाठी परदेशी खलाशाला तुरुंगात टाकता येत नाही, दोन देशांत तसा वेगळा करार असल्याखेरीज. वाजवी जामीन भरला की जहाज आणि माणसं लवकर सोडायची. गरीब खलाशांच्या बाजूने पाहिलं तर हे कलम योग्यच आहे. जाळं त्याचं नसतं, मासाही त्याचा नसतो.

म्हणूनच शहाणपणाचा मार्ग निघाला तो समुद्रात न धावण्याचा. मासा कधी ना कधी बंदरात येणारच. पोर्ट लुई हे हिंदी महासागरातलं ट्यूनाचं मोठं केंद्र. तिथे उतरणाऱ्या जहाजाची कागदपत्रं, परवाने, साठा तपासायचा आणि संशय आला तर माल उतरवूच द्यायचा नाही. अशा तपासणीच्या आंतरराष्ट्रीय करारात मॉरिशस सामील झाला आहे. गस्ती जहाजाच्या छायाचित्रासारखं हे काम वर्तमानपत्रात छापून येत नाही. एक कारकून, एक वही, एक थर्मामीटर. माझ्या मते बेटाच्या सुरक्षेचा मोठा भाग याच टेबलावर आहे.

मात्र टेबलामागचा माणूस फिरला तर सगळंच फिरतं. २०१७ मध्ये पोर्ट लुई बंदरात एका कंटेनरमधल्या यंत्रसामग्रीत दडवलेलं शंभर किलोहून जास्त हेरॉइन पकडलं गेलं. आमच्यासारखे लोक यंत्रं बनवतात, म्हणून ती बातमी मला अंगावर आल्यासारखी वाटली. सिलिंडर आतून पोकळच असतो, त्यात शंका कोण घेणार? मॉरिशसमध्ये अमली पदार्थांचा प्रश्न इतका वाढला की न्यायमूर्ती पॉल लाम शांग लीन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. २०१८ च्या त्याच्या अहवालाने पोलिसांची अमली पदार्थविरोधी शाखाच बरखास्त करण्याची शिफारस केली. याचा अर्थ कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली, ती दिसली नाहीत म्हणून नव्हे. पुढे खटल्यात कस्टमचे आणि पोलिसांतले काही जण दोषी ठरले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. त्या रात्री शेखाडीला दहा रडार असते तरी काय फरक पडला असता?

आणि याच्या उलट बाजूचं उदाहरणही मुंबईतलंच आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला 'कुबेर' ही मासेमारी बोट बळकावून आलेले दहा जण कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत रबरी होडीतून उतरले, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. दहा तरुण, पाठीवर जड पिशव्या, रात्रीची वेळ. कोळ्याच्या नजरेला ते खटकलं. नजर होती. तिच्यापुढची साखळी नव्हती.

आता चाच्यांबद्दल, कारण हा भाग मी थोडा जगलो आहे. २००८ ते २०१२ ही वर्षं एडनच्या आखातातून जाणाऱ्या प्रत्येक खलाशाला लक्षात असतील. कठड्याभोवती काटेरी तारेची वेटोळी. पाण्याचे जाड पाइप बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधलेले. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना आम्ही बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून, डोक्यावर हेल्मेट घालून बुजगावणी उभी करायचो, लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून. आमच्या एका पंपमनने त्यातल्या एकाला स्वतःच्या सासऱ्याचं नाव दिलं होतं. हसायचो, पण खाली स्टिअरिंग गिअरच्या खोलीत तीन दिवसांचं पाणी, बिस्किटं आणि सॅटेलाइट फोन ठेवलेला असायचा, दार आतून बंद करून बसता यावं म्हणून. रात्री इंजिनचा आवाज जरा बदलला तरी छातीत धस्स व्हायचं. घरी फोनवर मी सांगायचो, हवा छान आहे.

चाचेगिरी हा असा गुन्हा आहे की खुल्या समुद्रात कुणीही चाच्याला पकडू शकतं आणि आपल्या न्यायालयात उभं करू शकतं. हक्क सगळ्यांना. पण हौस कुणाला? युरोपच्या युद्धनौकांनी पकडलेले कित्येक जण जेवण-पाणी देऊन पुन्हा त्यांच्या किनाऱ्यावर सोडले गेले, कारण पॅरिसला किंवा माद्रिदला खटला चालवायचा म्हणजे साक्षीदार, दुभाषे, वकील, आणि शिक्षा संपल्यावर तो माणूस जायचा कुठे, हा प्रश्न. मग शोध सुरू झाला जवळच्या न्यायालयांचा. केनिया, सेशेल्स आणि मॉरिशस. मॉरिशसने २०११ साली चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्याच वर्षी युरोपीय संघाशी करार केला.

जानेवारी २०१३ मध्ये 'एमएससी जास्मिन' या जहाजावर हल्ला केल्याच्या आरोपाखाली पकडलेले बारा सोमाली फ्रेंच नौदलाने मॉरिशसच्या हवाली केले. गुन्हा मॉरिशसच्या समुद्रात घडलेला नव्हता. जहाज त्यांचं नव्हतं, आरोपी त्यांचे नव्हते, पकडणारेही त्यांचे नव्हते. फक्त न्यायालय त्यांचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं.

जगातल्या सागरी वर्तुळांत तेव्हा मोठी हळहळ झाली. माझ्याही तोंडून शिवी गेली, खोटं कशाला सांगू. तारेच्या वेटोळ्यांमागे झोपलेल्या माणसाला 'निर्दोष' हा शब्द सहन होत नाही. पण नंतर विचार केला. समुद्रात पुरावा कसा गोळा होतो? हल्ला करणारी होडी आणि काही वेळाने दुसरीकडे पकडलेली होडी एकच, हे कोण सांगणार? शिडी आणि बंदुका तर पाण्यात टाकलेल्या असतात. ज्यांनी पाहिलं ते खलाशी चार महिन्यांत चार देशांत पांगतात. कंपन्यांना साक्षीसाठी माणूस मोकळा करायचा नसतो, आणि माणसालाही घरी जायचं असतं. युद्धनौकेवरचा अधिकारी पंचनामा लिहायला शिकलेला नसतो. आरोपींची भाषा त्या बेटावर कुणाला येत नाही. एवढं असूनही पोलीस आणून देतील त्याला आत टाकायचं, असं ते न्यायालय वागलं नाही. सरकारी पक्षाने अपील केलं. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, २०१६ मध्ये आरोपी दोषी ठरले आणि प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा झाली. कोठडीतला काळ वजा होऊन ते पुढे आपल्या देशात परत गेले. साडेतीन वर्षं, दोन न्यायालयं, बारा आरोपी. बेटाच्या पोलीस दलाने आणि वकिलांनी दुसऱ्यांच्या समुद्रातला गुन्हा शाबीत केला. तांब्यावरचं नाव वाचून दाखवण्यासारखंच ते काम होतं.

राहता राहिली मदत. एवढ्या समुद्रावर एकट्याने नजर ठेवणं मॉरिशसला शक्यच नाही, म्हणून शेजारी येतात. १९७४ साली भारताने 'आयएनएस अमर' ही जुनी नौका त्यांना दिली. 'बॅराकुडा' कोलकात्याला बांधली गेली आणि १२ मार्च २०१५ ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते पोर्ट लुईत दाखल झाली. भारताने निर्यात केलेली ती पहिली युद्धनौका. 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट' या वेगवान गस्ती नौका वास्कोच्या गोवा शिपयार्डमधल्या. डॉर्नियर विमानंही आपल्याकडची. त्यांच्या तटरक्षक दलाचा प्रमुख अनेक वर्षं भारतीय नौदलाचा प्रतिनियुक्तीवरचा अधिकारी असतो. अगालेगावर भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. त्या बेटावर माणसं तीनशेच्या आसपास.

भारतीय म्हणून मला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. तरी खुर्ची फिरवून बघावं. आपली नौका, आपलं रडार, आपलं विमान, आपला अधिकारी. मग त्या समुद्रात काय चाललंय हे आधी कुणाला कळतं? धावपट्टी लष्करी तळ नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात. अगालेगाचे रहिवासी तरीही प्रश्न विचारतात, आणि त्यांनी तो का विचारावा, याचं कारण त्यांच्या शेजारच्या इतिहासात आहे. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला. तिथली माणसं हलवली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ झाला. २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं, म्हणजे मासे वाचवण्याचा कायदा. २०१५ मध्ये लवादाने ते करताना मॉरिशसचे हक्क डावलले गेल्याचा निर्णय दिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणंच बेकायदा असल्याचं मत दिलं. २२ मे २०२५ ला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या, त्यात दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. ज्या देशाकडे सैन्य नाही त्याने हे सगळं मिळवलं ते कागदांनी, वकिलांनी आणि चिकाटीने. गस्तीच्या बोटी त्यात कुठेच नव्हत्या.

पोर्ट लुईच्या मामांचं सांगायचं राहिलं. आरती झाल्यावर त्यांनी बंदराबाहेर उभ्या असलेल्या जहाजांकडे हात केला. तोडक्या इंग्रजीत आणि क्रिओलमध्ये, अधूनमधून हिंदी घालत म्हणाले की लहानपणी आजोबांनी सांगितलं होतं, आपण समुद्रातून आलो म्हणून समुद्राला पाठ करून घर बांधावं. त्यांच्या आजोबांच्या घराचं दार खरंच उसाच्या शेताकडे होतं. मग मला विचारलं, तुमच्या गावी समुद्र केवढा? मी म्हणालो, आमच्या गावी समुद्र नाही, गोदावरी आहे. त्यांना ते पटेना. माझ्या पासवरचं नाव आणि फोटो पुन्हा एकदा नीट पाहिला, वहीत वेळ लिहिली, आणि मला जहाजावर चढू दिलं.